विकलेल्या यंत्रावर विकणाऱ्याचे कुलूप

घरातील एकाच सर्व्हरमध्ये दोन-चार ग्राफिक्स कार्डे बसवावीत, लिनक्सच्या साह्याने त्यातून तितकेच आभासी संगणक उभे करावेत आणि खोलीखोलीतील साध्या पडद्यांवर प्रत्येकाने आपापला खेळ खेळावा, यात आता नवल उरलेले नाही. त्यासाठी लागणारी केव्हीएम यंत्रणा २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यात आहे. आभासी संगणकाच्या हाती प्रत्यक्ष कार्ड सोपविणारी व्हीएफआयओ २०१२ साली तेथे आली. दोन्ही कोणासही खुल्या.

मग अडले कोठे? एनव्हिडिया कंपनीच्या जीफोर्स कार्डाचा ड्रायव्हर आपण आभासी संगणकात आहोत हे ओळखी आणि ‘त्रुटी ४३’ दाखवून काम थांबवी. कार्ड सुस्थितीत, पैसे पूर्ण चुकते, तरी यंत्र मुके! केव्हीएमची ओळख ड्रायव्हरपासून लपविताच तेच कार्ड निमूट चालू लागे. बिघाड कशात होता हे सांगावयास तज्ज्ञ नको. मार्च २०२१ मध्ये कंपनीने ही आडकाठी दूर केली, तीही अर्धीच: एका जीफोर्स कार्डावर एकच आभासी संगणक. एक कार्ड अनेकांत वाटावयाचे तर व्यावसायिक वर्गाचे महाग कार्ड घ्या आणि वर परवान्याचे शुल्क भरा. त्याच वर्षी ‘व्हीजीपीयू-अनलॉक’ या खुल्या प्रोग्रामने दाखवून दिले की, त्या काळच्या अनेक घरगुती कार्डांत ही वाटणी करण्याची क्षमता मुळातच होती. विहीर विकावयाची, पण तिच्यावर दुसरी मोट जुंपताच पाणी आटावे अशी तजवीजही करून ठेवावयाची, यातलाच हा प्रकार.

व्यावसायिक ग्राहक जास्त मोजतो म्हणून घरगुती ग्राहकाला कार्ड स्वस्त पडते, असे याचे समर्थन केले जाते. मग २०१७ च्या अखेरीस परवान्यात घातलेल्या कलमाचे काय? जीफोर्सचा ड्रायव्हर डेटा सेंटरमध्ये वापरण्यास त्याने बंदी केली. अपवाद एकच, ब्लॉकचेनचा. कलमाच्या शब्दांप्रमाणे हवामानाचे गणित करणाऱ्यास मनाई आणि आभासी नाणी खणणाऱ्यास मोकळीक! आणि दूरच्या सर्व्हरवरील खेळ अनेकांना भाड्याने देण्याचा धंदा ‘जीफोर्स नाऊ’ या नावाने कंपनी स्वतः करतेच; २०२५ पासून तेथे नव्या सभासदांना महिन्याला १०० तासांची मर्यादाही आहे. स्वतःच्या घरात यंत्र वाटून घेणाऱ्याला असे घड्याळ कोण लावणार?

हा सुखवस्तूंचा खेळ, समाजवाद्यांनी त्यात का पडावे, असे कोणी विचारील. आक्षेप अगदीच पोकळ नाही. असा सर्व्हर कामगाराच्या घरी सहसा दिसत नाही. परंतु एका कार्डावर दहा मुलांना त्रिमितीय आरेखन शिकवू पाहणाऱ्या शाळेलाही हेच कुलूप आडवे येते, आणि तिच्यापाशी दुसरे कार्ड घेण्यास पैसे नसतात. म्हणून मागणी सरळ आहे: यंत्रातील कोणती क्षमता कुलपात ठेवली आहे हे वेष्टनावर छापणे कायद्याने बंधनकारक करावे आणि सार्वजनिक पैशातून होणाऱ्या खरेदीत अशी कुलपे स्वीकारू नयेत.