इशारा होता, सोय नव्हती

बद्रीनाथपलीकडील माणा गावाजवळ २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सीमा रस्ते संघटनेच्या कामावरील ५४ कामगारांच्या तळावर हिमकडा कोसळला. ४६ वाचले, ८ दगावले. हा निव्वळ निसर्गाचा कोप म्हणावयाचा काय? चंडीगडच्या संरक्षण संशोधन संस्थेने आदल्याच दिवशी चमोली जिल्ह्यासाठी हिमस्खलनाचा इशारा दिला होता. हिवाळा सरताना जुन्या, घट्ट थरावर ताजे हिम साचते, उन्हाने त्याची पकड सुटते आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून ते खाली येते, हे शास्त्राला ठाऊक आहे. याच जिल्ह्यात सुमना येथे एप्रिल २०२१ मध्येही रस्ते-कामगारांचाच तळ गाडला गेला होता.

तेव्हा उणीव ज्ञानाची नसून व्यवस्थेची आहे. इशारा मिळताच गिर्यारोहक बेत पुढे ढकलू शकतो. तळ कोठे असावा आणि केव्हा हलवावा, हे मात्र मजूर ठरवीत नाही. रोजंदारीवर काम थांबले की मजुरीही थांबते. म्हणूनच इशाऱ्याच्या दिवसांची पूर्ण मजुरी आणि सुरक्षित जागी स्थलांतराचा खर्च कामाच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे. तो वगळून रस्ता स्वस्त होत नाही. वगळलेला खर्च मजुराच्या माथी बसतो.