सापळा रिकामा म्हणजे शेत निरोगी, असं नाही



आजचा मेसेज फवारणीचा नाही. थोडा मोठा आहे, दुपारी निवांत वाचा.

मागच्या बैठकीत काही सभासद म्हणाले, "कामगंध सापळे किटमधून काढा, त्यापेक्षा एक औषध वाढवा." माझं मत वेगळं आहे. सापळे काढू नयेत. पण अनुभव वाईट आला त्यात माझीही चूक आहे, ती आधी सांगतो.

नारायणगाव भागात एका काकांच्या उन्हाळी टोमॅटोत मी स्वतः सापळे लावले. आठवडाभर रिकामे. मी म्हणालो, "काका, पतंग नाही, फवारणी थांबवा." दहाव्या दिवशी काकांनी एक पान माझ्या हातात दिलं. आतला हिरवा गर खाल्लेला, तपकिरी चट्टे, उजेडात धरलं तर आत अळी. काका म्हणाले, "पोरा, तुझा सापळा रिकामा, माझं पान मात्र भरलंय." ती टुटा होती. मी लावलेली ल्युर फळ पोखरणाऱ्या अळीची, म्हणजे घाटे अळीची होती. त्या सापळ्यात टुटा येणं शक्यच नव्हतं.

*का शक्य नव्हतं?*

पतंगाचं नाक म्हणजे त्याच्या मिशा. मिशांवर बारीक केस असतात आणि त्यात वास ओळखणारी प्रथिनं असतात. प्रत्येक प्रथिन बनवायची कृती एका जनुकात लिहिलेली असते. कुजक्या केळ्यावर फिरणाऱ्या चिलटात अशी सुमारे 60 जनुकं आहेत. 1999 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांचा शोध लावला. जनुक म्हटलं की काही जण दचकतात, म्हणून सांगतो: सापळ्यात पिकाचं जनुक कुठंही बदललेलं नसतं. किडीकडे मुळात असलेल्या नाकाचा आपण फक्त उपयोग करतो.

नराकडे आपल्याच जातीच्या मादीचा वास ओळखणारी खास जनुकं असतात. घाटे अळीच्या मादीचा वास मुख्यतः दोन रसायनांचा, साधारण 97 ला 3 या प्रमाणात. टुटाच्या मादीची रसायनं वेगळीच. म्हणून एकीची ल्युर दुसऱ्या जातीच्या नराला कळतच नाही.

आणखी एक गोष्ट. घाटे अळीची जी मादी अजून तयार झालेली नाही, तिच्याकडून एक वेगळं रसायन येतं. ते आलं की नर मागे फिरतो. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये हा वास ओळखणारं एकच जनुक नरातून काढून टाकलं. ते नर कच्च्या मादीशीही मिलन करू लागले आणि बरीच अंडी वांझ निघाली. यातून आपण काय घ्यायचं? नको तो वास थोडा जरी मिसळला तरी नर सापळ्याकडे येत नाही. म्हणून स्वस्तातली, बिननावाची ल्युर घेऊ नका. औषधाचा किंवा तंबाखूचा हात ल्युरला लावू नका.

*चवीचंही तसंच*

मादी पानावर बसली की पायांनीही चव घेते आणि मग अंडी घालायची की नाही ते ठरवते. रेशीम अळीत चवीची सुमारे 70 जनुकं आहेत, ती तुतीच खाते. 2019 मध्ये तिचं एक जनुक बंद केलं तर ती तुती सोडून दुसरी पानं आणि फळंही खायला लागली. घाटे अळीत अशी जनुकं 200 च्या आसपास. हरभरा, तूर, कापूस, मका, टोमॅटो, तिला सगळं चालतं. "टोमॅटो काढला, हरभरा केला, अळी संपली" असं होत नाही ते यामुळंच. पण तिला झेंडू फार आवडतो. टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची 1 ओळ लावा. टोमॅटो लावताना झेंडूचं रोप जास्त वयाचं घ्या, म्हणजे दोन्हीला फुलं एकदम येतील. झेंडूवरची अंडी-अळ्या मात्र वेचायच्याच.

*माझं म्हणणं*

2014 मध्ये भारतात टुटा पहिल्यांदा दिसली ती आपल्या पुणे भागातल्या टोमॅटोवर. म्हणजे ती आता पाहुणी राहिलेली नाही. दर वर्षी एक औषध वाढवून किती वर्षं पुरणार? किडीला औषधाची सवय होते आणि आपला खर्च वाढत जातो. सापळा आपल्याला फवारणी कधी करायची ते सांगतो, आणि कधी नाही तेही सांगतो. पण तो औषध नाही. त्यात फक्त नर सापडतो. शेजारच्या वावरातून मिलन झालेली मादी उडत आली तर तुमचा सापळा तिला अडवत नाही. म्हणून एकट्याने लावून उपयोग कमी, अख्ख्या शिवारानं एकाच आठवड्यात लावले तर फरक पडतो.

एवढं करा:

✅ टोमॅटोत दोन्ही ल्युर लावा, पण वेगवेगळ्या सापळ्यात. घाटे अळीचा सापळा पिकाच्या वर फूटभर, टुटाचा खाली जमिनीलगत.
✅ घाटे अळीच्या पाहणीसाठी हेक्टरी 5 सापळे पुरेत. टुटाचे नर पकडून कमी करायचे असतील तर सापळे बरेच जास्त लागतात, आधी विचारा.
✅ सातगाव पठारावरच्या बटाटेवाल्यांनो, पाकोळीची ल्युर वेगळी आहे. टोमॅटोची उरलेली लावू नका.
✅ काकडी-कारल्याच्या फळमाशीला क्यू ल्युर.
✅ पिवळा चिकट सापळा रंगावर चालतो, वासावर नाही. तो याला पर्याय नाही.
✅ पाकिटावरची मुदत संपली की ल्युर बदला. ज्या दिवशी लावली ती तारीख सापळ्यावर लिहा.
✅ सापळा रिकामा असला तरी आठवड्यातून दोनदा 20 झाडांची पानं उलटून बघा.

हे शेवटचं मी काकांकडून शिकलो. त्यांचा पहिला तोडा हलका निघाला, तरी या वर्षी सापळे लावायला त्यांनीच मला बोलावलं. या वेळी ल्युर कोणती, ते त्यांनी आधी विचारलं.

पुढच्या बैठकीत सापळ्याचा विषय परत निघेल. तोवर तुमच्या सापळ्याचा आणि पानाचा फोटो याच नंबरवर पाठवा. सापळा रिकामा असेल तर जरूर पाठवा.

आपला,
कृषी सल्लागार
(जुन्नर-आंबेगाव)