कापूस बऱ्हाणपूरला, कंपनी सिंगापूरला

खामगावात चहाचे पैसे तुम्ही ज्या फोनपेने देता, ती कंपनी २०२२ पर्यंत कागदोपत्री सिंगापूरची होती. भारतात परत यायचं ठरवलं, तर तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे ८,००० कोटी रुपये कर भरावा लागला. घरी यायचंही भाडं! आणि कंपन्या बाहेर का जातात, असं आपणच विचारायचं.

बुलढाण्याला हे नवीन नाही. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस फक्त सरकारी केंद्रावर विकायचा. हेतू चांगला होता: व्यापाऱ्याच्या लुटीतून सुटका. हाती आलं काय? गाड्यांच्या रांगा, ग्रेडरची मर्जी, हप्त्याहप्त्याने पैसे आणि त्यातूनही सोसायटीच्या कर्जाची कपात. मलकापूर, जळगाव जामोदच्या पलीकडे मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर. तिथे भाव बरा आणि पैसे रोख असले की कापूस रातोरात सीमा ओलांडायचा. स्वतःच्या शेतातलं पीक विकणारा शेतकरी कायद्याने तस्कर ठरला. सरकारचं उत्तर एकच: सीमेवर नाके.

दिल्लीची तऱ्हाही तीच. जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने व्होडाफोनच्या बाजूने निकाल दिला, तर सरकारने कायदाच १९६२ पासून बदलला. ती चूक सुधारायला २०२१ उजाडलं. २०१२ चाच एंजल टॅक्स: स्टार्टअपचे शेअर अधिकाऱ्याला महाग वाटले, तर वरची रक्कम उत्पन्न धरून कर. तो २०२४ मध्ये गेला. बारा वर्षांनी!

‘त्यांना करच बुडवायचा असतो,’ हे अर्धंच खरं. सिंगापूरही कंपन्यांच्या नफ्यावर १७ टक्के कर घेतं. पण काल झालेल्या व्यवहाराचा नियम तिथे उद्या बदलेल, अशी धास्ती नसते.

आणि खरा मार जाणाऱ्याला बसत नाही, राहणाऱ्याला बसतो. मलकापूरच्या छोट्या दुकानदाराच्या पुरवठादाराने बिल पोर्टलवर चढवलं नाही, तर टॅक्स क्रेडिट अडकतं दुकानदाराचं. धंदा शून्य झाला तरी रिटर्न भरायचं. उशीर झाला की लेट फी. त्याला सिंगापूर परवडत नाही, आणि बऱ्हाणपुरातही आता तोच जीएसटी. त्याच्यापुढे दोनच वाटा: कच्चं बिल किंवा बंद शटर.

कर घ्या. पण मागच्या तारखेने नको, आणि दुसऱ्याच्या चुकीपायी तर नकोच. नाक्यांनी कापूस थांबला नव्हता. दुकानं तरी कशी थांबतील?