विश्लेषण : बाळाच्या नाळेतलं रक्त गोठवून ठेवावं का?

बाळंतपणाची तारीख जवळ आली की अनेक जोडप्यांना 'कॉर्ड ब्लड बँके'कडून विचारणा होते. नाळेतलं रक्त साठवा, पुढे कॅन्सर झाला तरी उपयोगी पडेल, असं सांगितलं जातं. पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या कुटुंबाला त्यासाठीचे हजारो रुपये सहज परवडत नाहीत. मग पैसे भरावेत का?

या रक्तात असतं काय?

रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, म्हणजेच स्टेम सेल. 1988 मध्ये पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अॅनिमिया झालेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतल्या पेशी दिल्या. हे जगातलं असं पहिलं प्रत्यारोपण. पेशी मरू नयेत म्हणून त्यात डीएमएसओ नावाचं रसायन मिसळतात, तापमान मिनिटाला साधारण एक अंशाने उतरवतात आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांच्या आसपास ठेवतात.

मग अडचण कुठे आहे?

पॅरिसच्या मुलाला वाचवलं ते बहिणीच्या पेशींनी, स्वतःच्या नव्हे. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्या बाळाच्या नाळेतही तोच जनुकीय दोष असतो. ब्लड कॅन्सरमध्येही स्वतःच्या नाळेतल्या पेशी सहसा वापरत नाहीत. साठवलेलं रक्त पहिल्या वीस वर्षांत स्वतःलाच लागण्याची शक्यता अमेरिकी तज्ज्ञांच्या संघटनेने 2,500 मध्ये एक ते दोन लाखांत एक इतकी कमी धरली आहे. शिवाय एका नाळेतल्या पेशी मोठ्या माणसाला अनेकदा पुरत नाहीत.

म्हणूनच आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना भविष्यात 'स्वतःसाठी' म्हणून अशी साठवण करण्याची शिफारस करत नाहीत. बँकेला सरकारी परवाना असतो, पण तो प्रक्रियेसाठी. रक्त कामी येईलच, याची ती हमी नव्हे.

साठवणही बिनधोक नाही. सिंगापूरच्या कॉर्डलाइफ कंपनीच्या काही टाक्यांचं तापमान मर्यादेबाहेर गेलं होतं आणि दोन हजारांहून अधिक ग्राहकांचे नमुने खराब झाले होते, हे 2023 मध्ये उघड झालं.

कोणी नक्की विचार करावा?

घरात आधीच थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा प्रत्यारोपणाने बरा होणारा दुसरा आजार असलेलं मूल असेल, तर. सख्ख्या भावंडाच्या पेशी जुळण्याची शक्यता 25 टक्के असते. मात्र निर्णय विक्री प्रतिनिधीशी नव्हे, मुलावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून घ्यावा. पेशी जुळल्या तर धाकट्याची अस्थिमज्जाही पुढे वापरता येते. थॅलेसेमियाच्या प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाच्या 'थॅलेसेमिया बाल सेवा योजने'तून पात्र कुटुंबांना दहा लाखांपर्यंत मदत मिळते.

खान्देशात आधी काय करावं?

धुळे-नंदुरबार आणि सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, सिंधी समाजात थॅलेसेमियाचं. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. 'एचपीएलसी' ही रक्त तपासणी वाहक ओळखते. लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ती करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट फुकट मिळते. जन्मानंतर किमान एक मिनिट थांबून नाळ कापली, तर तेच रक्त बाळाच्या अंगात जातं आणि पुढच्या महिन्यांत लोह कमी पडण्याचा धोका घटतो. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. बँकेला जास्त रक्त मिळावं म्हणून नाळ कापायची घाई करू देऊ नका.