समुद्र दिसणारी खोली

दिवाळीची सुटी जवळ आली की मुंबई-पुण्याचे आप्त आम्हां देवरुखकरांना हटकून विचारतात, "रत्नागिरीत समुद्र दिसणारी खोली मिळेल का हो?" मिळेल की! पण खिसा बेताचा असेल तर एस. टी. स्टँडच्या आसपास एखादे साधे लॉज पाहा. गादी स्वच्छ, आंघोळीला कढत पाणी, जवळ सोलकढी वाढणारी खानावळ. खोलीने याहून अधिक काय करायचे? समुद्र काही पळून जात नाही.

याच गावात एका गृहस्थाला समुद्र दिसणारा अख्खा वाडा सरकारी खर्चाने मिळाला होता. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा! इंग्रजांनी १८८५ साली मंडाले घेतले आणि पुढल्या वर्षी राजा-राणीला रत्नागिरीत आणून ठेवले. त्याआधी दिल्लीच्या बहादूरशहाला त्यांनी रंगूनला धाडले होतेच. बादशहा तिकडे, राजा इकडे. असा हा हिशेब!

राजवाडा पुरा झाला १९१० च्या सुमारास, म्हणजे येथे येऊन चोवीस वर्षे लोटल्यावर. टेकडीवरून भाट्याची खाडी आणि पलीकडचा समुद्र दिसतो. आपण "वा, काय देखावा!" म्हणून फोटो काढतो. राजाने तो १९१६ साली मरेपर्यंत पाहिला. आणि तो समुद्र तरी कुठला? पश्चिमेचा. त्याचा देश पूर्वेला, पाठीमागे राहिलेला.

टिळकांचे जन्मस्थान पाहाच. रत्नदुर्गावर संध्याकाळी जावे, भगवतीचे दर्शन घ्यावे. भागोजीशेठ कीरांनी १९३१ साली बांधलेले पतितपावन मंदिरही चुकवू नका. त्यामागची प्रेरणा सावरकरांची, आणि तेही १९२४ पासून १९३७ पर्यंत या जिल्ह्यात स्थानबद्धच. माणसे अडकवून ठेवायला इंग्रजांना आमची रत्नागिरी फार सोयीची वाटत असावी!

राजवाडा पाहून बरेचजण परस्पर गणपतीपुळ्याला निघतात. थिबाची समाधीही गावातच आहे. रिक्षावाल्याला सांगा, तो नेईल. म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन २०१२ साली तेथे येऊन गेले.

राणी सुपयालत १९१९ साली मायदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. राजवाड्यावर नोकरीस असलेल्या गोपाळ सावंतांवर तिचा जीव जडला होता. ती येथेच राहिली, १९४७ साली येथेच गेली. तिची लेक टूटू रत्नागिरीच्या आळीतच वाढली, मराठी बोलत.