नदीचं मूळ, फॉरवर्डचं कूळ

दोन वर्षांपूर्वी वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर घरफोडी झाल्याचं उघडकीला आलं. बिऱ्हाड गावी गेलेलं, कडीकोयंडा उचकटलेला, कपाट सताड उघडं. पोलिसांना कुणीतरी फोन केला असेलच. पण त्याआधी आमचे अध्यक्ष सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बसले, सीसीटीव्हीचं दुपारचं चित्रण मागंपुढं करून पाहिलं आणि स्क्रीनवर दिसत होतं ते आपल्या मोबाइलवर टिपून ग्रुपवर टाकलं. बावीस सेकंदांची क्लिप. काचेवर ट्यूबलाइटची चकाकी, मागे कुणाच्यातरी कुकरची शिट्टी, आणि पिवळी टोपी घातलेला एक मुलगा खांद्यावर भलंमोठं खोकं घेऊन जिना चढतोय. दहा मिनिटांत निकाल लागला. ‘हाच.’ ‘चेहराच सांगतोय.’ ‘टोपी मुद्दाम घातलीय बघा.’ मीही ती क्लिप आणखी तीन ग्रुपांवर धाडली, खाली ‘सावध राहा’ असं लिहून.

रात्री आठच्या सुमाराला मुलगा नाक्यावर सापडला. सापडला म्हणजे काय, तो तिथंच होता, उरलेली खोकी पोचवत. फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका बाईंकडे तो कामाला होता. खोक्यावर स्केचपेनानं फ्लॅटचे नंबर लिहिलेले होते, त्यातला एक आमच्या शेजारच्यांचा. ते कुणी वाचेपर्यंत पोराच्या तीन-चार कानफटात बसल्या होत्या आणि चकलीचा चुरा झाला होता.

साडेनऊला हवालदार आले. त्यांना दोन पंच हवे होते. एक मी झालो. त्यांनी शांतपणे लिहायला घेतलं. घराची चतुःसीमा, दाराची दिशा, कुलूप कुठल्या बाजूला लोंबतंय, कोयंड्याचे किती स्क्रू निघालेत. अध्यक्षांनी मोबाइल पुढे केला. हवालदारांनी क्लिप पाहिलीही नाही. म्हणाले, “ग्रुपवरचं नको साहेब. मूळ कुठंय?”

मूळ सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये होतं, आणि डीव्हीआरमध्ये जेमतेम दहा दिवसांचं मावत होतं. दिवाळीचा बंदोबस्त आटपून तपास अधिकारी तो ताब्यात घ्यायला आले तोवर बारा दिवस लोटले होते. यंत्रानं आपल्या शिस्तीनं जुन्यावर नवं लिहून टाकलं होतं. राहिली ती फक्त ट्यूबलाइटची चकाकी असलेली बावीस सेकंदं. ती मात्र निदान चाळीस फोनांत.

‘मूळ कुठंय’ हा प्रश्न मला इतका लागला, कारण तो माझ्याच धंद्यातला आहे. छापखान्यात मुद्रितशोधक दुसऱ्या कशाला नाही इतकं मूळ प्रतीला मानतो. वाक्य कितीही देखणं असो, प्रतीत नसेल तर त्यावर लाल शाई. आयुष्यभर हे केलेल्या माणसानं ‘सावध राहा’ लिहून अंगठा दाबला होता.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. पोलिसाला पगार मिळतो तो नेमकं हे विचारण्यासाठी. माहिती कुणी दिली, त्यानं स्वतः पाहिलं का, वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली, पाकिटावरचं सील शाबूत आहे का. समाजमाध्यमांवर हातोहात फिरणाऱ्या गोष्टीला मूळ नसतं, आणि नसतं म्हणूनच ती इतकी फिरते. पोलिसांचं काम अवघड झालं ते इथं. ‘गुन्हेगार हायटेक झाले, पोलीस मागे पडले’ असं आपण म्हणतो, त्यात तथ्य थोडं आहे आणि आळस फार.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तिथं उतरले. त्या आठवड्यांत देशभर फोनाफोनांतून ‘मुलं पळवणारी टोळी’ हिंडत होती. बाजारात कुणाला तरी संशय आला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावानं ठार मारलं. भटक्या समाजाची माणसं. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरणं हाच त्यांचा पत्ता. गावकुसाबाहेरच्या माणसाबद्दलचा जुना संशय व्हॉट्सअ‍ॅपनं जन्माला घातला नव्हता. त्यानं एवढंच केलं की तो संशय एकाच दिवशी सगळ्या गावांत जागा केला.

त्या काळात सगळ्यात जास्त फिरलेल्या चित्रफितींपैकी एक कराचीची होती. मोटरसायकलवरचे दोघं गल्लीत खेळणारं पोर उचलतात आणि सुसाट निघून जातात. मूळ फीत एवढ्यावर संपत नव्हती. मोटरसायकल परत येते, पोराला होतं तिथं सोडते, आणि मागं बसलेला माणूस एक फलक धरतो: कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला क्षणही पुरतो, लक्ष ठेवा. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या संस्थेची ती जनजागृतीची जाहिरात होती. कुणीतरी शेवट कापला. मुलांच्या काळजीपोटी केलेली फिल्म माणसं मारायला उपयोगी पडली, आणि त्यासाठी कापावी लागली ती मोजून काही सेकंदं.

राईनपाड्याची घटना घडली त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावानं घेरलं होतं. तिथं पोलीस वेळेत पोचले, माणसं वाचली. वाचलेल्यांची बातमी आपल्याला आठवत नाही, हेही ओघानं आलंच. राईनपाड्याचे आरोपी पुढं ओळखले गेले ते मारहाण सुरू असताना लोकांनीच काढलेल्या चित्रणांवरून.

यानंतर व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली आणि निरोपावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दिसू लागली. म्हणजे हे मूळ नव्हे, एवढी तरी कबुली झाली. सरकारला त्याच्या पुढचं हवं होतं. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत म्हटलं की न्यायालयानं किंवा सक्षम अधिकाऱ्यानं आदेश दिला तर निरोप सर्वांत आधी कुणी पाठवला ते कंपनीनं सांगावं. व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एकाचं मूळ शोधायचं तर प्रत्येकाच्या प्रत्येक निरोपाची खूण ठेवावी लागेल, सगळ्यांच्याच निरोपांच्या गुप्ततेचं कुलूप मोडेल, असं कंपनीचं म्हणणं. आणि २०२४ साली तिच्या वकिलांनी कोर्टात सांगितलं की कुलूप मोडायला लावाल तर आम्हाला इथून जावं लागेल. मला कंपन्यांचा पुळका नाही. पण इथं ती बरोबर आहे असं वाटतं. कारण कळ दाबली की मूळ सापडतं, अशी सवय लागलेल्या व्यवस्थेनं काय केलं ते आपण पालघरला पाहिलं आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. त्यावर एका मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनं त्या ‘लाइक’ केल्या. मूळ तात्काळ सापडलं, दोघींना अटकही झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ‘६६अ’ कलमाखाली हे घडलं ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं.

मूळ म्हणजे काय, याचं सगळ्यात नेटकं उत्तर जालन्याच्या एका निवडणूक खटल्यानं दिलं. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, एवढाच वाद. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत कॅमेरे लावलेले होते. प्रश्न असा की त्या चित्रणाची सीडी कोर्टानं मानायची का? अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टापुढे आणलं असेल तर गोष्ट वेगळी. नक्कल द्यायची तर ती कुठल्या यंत्रातून, कशी निघाली याचा दाखला जोडणं सक्तीचं. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात या दाखल्यावर ‘हॅश व्हॅल्यू’ही नोंदवावी लागते. हॅश म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसा. फाइलीत एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान होतो, म्हणजे पहिल्याच फॉरवर्डला ठसा गेला. पुरावा म्हणून आपण जे जिवापाड पसरवतो, ते पसरवण्यानंच कच्चं होतं.

तरीही दुसरी बाजू आहे, आणि ती हलकी नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला पोर्श गाडीनं दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. आरोपी असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन, अटींमध्ये अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध. तो ‘निबंध’ फोनाफोनांतून फिरला नसता, तर पुढचं किती घडलं असतं? त्या मुलाच्या रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली, पोलिसांवरही निलंबनाची कारवाई झाली. लोकांनी गिल्ला केला म्हणून फाइल हलली, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच आठवड्यात त्या मुलाचा म्हणून एक माजोरडा रॅप व्हिडिओ लाखोंनी पाहिला आणि संतापून पुढे पाठवला. तो त्याचा नव्हताच. गर्दीच्या एका हातात कंदील, दुसऱ्यात दगड, आणि दोन्ही एकाच वेळी उंचावलेले.

गुन्हेगारांना मात्र मूळ लपवण्याची गरजच वाटेनाशी झाली आहे. पूर्वी ‘भाई’चं नाव दबक्या आवाजात घेतलं जाई, आता भाईलाच ते गाण्यासकट हवं असतं. फेब्रुवारी २०२१मध्ये तळोजा तुरुंगातून सुटलेल्या पुण्याच्या एका टोळीप्रमुखाची द्रुतगती मार्गावरून गाड्यांच्या ताफ्यासह मिरवणूक निघाली, ती मुळात व्हिडिओसाठीच. कोयते नाचवणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी त्यातूनच धडा घेतला. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या डिसेंबर २०२४मधल्या हत्येत मारणाऱ्यांनीच छळाचं चित्रण केलं. आरोपपत्रातले ते फोटो ३ मार्च २०२५ला बाहेर आले आणि दुसऱ्या दिवशी राज्यातल्या एका मंत्र्याचा राजीनामा झाला. तीन महिने जे शब्दांत सांगितलं जात होतं ते पुरलं नव्हतं, फोटो पुरले. ते पाहताना मारणाऱ्याच्याच डोळ्यांनी आपण पाहतो आहोत, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही.

मग पोलिसांनाही प्रेक्षकांचा मोह सुटला. मुंबई पोलीस २०१५च्या डिसेंबरात ट्विटरवर आले तेव्हा त्यांच्या कोट्यांनी गंमत आणली. खाकीला विनोद कळतो, हे कळून बरं वाटलं. आता पकडलेल्या पोरांना हात जोडायला लावून माफीची रील निघते, कधी भर रस्त्यातून धिंड काढली जाते, आणि आपण खाली टाळ्यांचे ठसे उमटवतो. कोर्टात उभं राहायच्या आधी शिक्षा झालेलं हे पोर पुढे निर्दोष सुटलं, तर ती रील कोण पुसणार? मला हे आवडत नाही. आणि भाईच्या रीलला उत्तर म्हणून रील काढली, तर मैदान भाईचंच राहिलं.

या सगळ्यात ‘डिजिटल अरेस्ट’वाले सगळ्यांत हुशार. त्यांनी व्हिडिओ कॉलवर पोलीस ठाण्याचाच देखावा उभा केला: गणवेश, मागे बोधचिन्ह, वायरलेसचा खरखराट. कायद्यात असली अटक नाही, तरी निवृत्त प्राध्यापक आणि बँक अधिकारी तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसून राहतात. सायबर फसवणुकीत २०२४ या एका वर्षात देशानं गमावलेली रक्कम सरकारनं संसदेत २२,८४५ कोटी रुपये सांगितली. पैसे गेल्यागेल्या १९३०वर फोन केला तर ते वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. घरच्या वडीलधाऱ्यांकडून हा नंबर पाठ करून घ्यावा. खरं तर आयुष्यात एकदा ठाण्याची पायरी चढलेल्या कुणालाही कळायला हवं की आपल्याशी सहा तास सलग बोलायला मोकळा असलेला पोलीस खरा असूच शकत नाही.

हा लेख छापखान्यात जायच्या आठवड्यात त्या हवालदारांचा फोन आला. आमच्याकडचा चोर दुसऱ्याच एका प्रकरणात सापडला, खटला उभा राहिला, आणि पंच म्हणून माझी साक्ष तुळशीच्या लग्नानंतर आहे. “साहेब, समन्स येईल. पंचनाम्यात काय काय होतं ते आठवून ठेवा. कुलूप कुठल्या बाजूला होतं, स्क्रू किती निघाले होते, वकील हेच विचारतो.”

फोन ठेवून मी आठवत बसलो. पिवळी टोपी आठवली. खोक्याला बांधलेली सुतळी आठवली, कुकरची शिट्टीही. कुलूप डावीकडे होतं की उजवीकडे, ते काही केल्या आठवेना.