थायरॉइड शस्त्रक्रियेनंतरचे कॅल्शियम : अंदाज कशावर बांधावा?

संपूर्ण थायरॉइड ग्रंथी काढून टाकल्यानंतर उद्भवणाऱ्या उपद्रवांमध्ये रक्तातील कॅल्शियम घटणे हा सर्वाधिक आढळणारा उपद्रव होय. बहुतेक रुग्णांत तो काही दिवसांत वा आठवड्यांत ओसरतो. काहींना मात्र जन्मभर औषधे घ्यावी लागतात. त्याचे मूळ थायरॉइडच्या मागच्या बाजूस असलेल्या, मसुराच्या दाण्याएवढ्या आणि संख्येने बहुधा चार अशा पॅराथायरॉइड ग्रंथींत आहे. त्यांतून स्रवणारे संप्रेरक, म्हणजेच पीटीएच, हाडांतील कॅल्शियम रक्तात आणते, मूत्रावाटे ते वाया जाऊ देत नाही आणि ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप मिळवून देऊन आतड्यातील शोषण वाढवते. शस्त्रक्रियेत या ग्रंथी दुखावल्या की ही सारी व्यवस्था मंदावते. ती कोणत्या रुग्णात मंदावेल हे वेळीच कसे ओळखावे, यासंबंधी तीन मते प्रचलित असून त्यांपैकी एकही पूर्णपणे टिकणारे नाही.

पहिले मत असे की, शल्यविशारदाने ग्रंथी डोळ्यांनी पाहून जागच्या जागी राखल्या असतील तर चिंतेचे कारण उरत नाही. परंतु ग्रंथी जागेवर असणे आणि ती जिवंत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या ग्रंथींना मुख्यतः खालच्या थायरॉइड धमनीच्या केसासारख्या बारीक फांद्यांतून रक्त मिळते. त्यातली एखादी ताणली गेली किंवा विद्युत् उपकरणाच्या उष्णतेने होरपळली, तर पिवळसर तपकिरी ग्रंथी काही वेळाने काळवंडते, आणि कधी रंग न पालटताही तिचे काम थांबते. कुशल हात हा उपद्रव टाळण्याचा सर्वोत्तम उपाय आहे यात वाद नाही. तथापि तो टळला की नाही, हे केवळ नजर सांगू शकत नाही.

दुसरे मत अधिक रूढ असल्यामुळे अधिक घातक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅल्शियम डेसिलिटरमागे 8.5 मिलिग्रॅमच्या वर आढळले की रुग्णाला घरी सोडण्यास हरकत नाही, असे ते मत सांगते. संप्रेरकाचा पुरवठा तुटला तरी कॅल्शियम तत्काळ कोसळत नाही; ते हळूहळू उतरत जाऊन साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवशी तळ गाठते. म्हणजे पहिल्या सकाळचा आकडा बऱ्याचदा सरलेल्या स्थितीचा असतो, येणाऱ्या स्थितीचा नसतो. शिवाय एकूण कॅल्शियमचा बराचसा भाग अल्ब्युमिन या प्रथिनाशी बांधलेला असल्याने, सलाइनमुळे रक्त पातळ झाले तरी आकडा खाली दिसतो. ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येणे, पोटऱ्यांत गोळे येणे, हात आखडणे ही लक्षणे अनेकदा रुग्ण घरी पोहोचल्यावर सुरू होतात, आणि रुग्णालय दूरच्या शहरात असेल तर तो प्रवास जिवावर बेतू शकतो.

तिसरे मत म्हणते की, अंदाजाच्या फंदात न पडता सर्वांनाच कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व द्यावे. जेथे पीटीएच तपासण्याची सोय नाही, तेथे हा मार्ग रास्त आहे हे मान्य केले पाहिजे. पण जेथे सोय आहे तेथे तो आळसाचा ठरतो. ज्यांना गरज नाही त्यांना बद्धकोष्ठता आणि प्रसंगी वाढलेल्या कॅल्शियमचा त्रास सोसावा लागतो. कॅल्शियमची गोळी थायरॉक्सिनसोबत, म्हणजे काढलेल्या थायरॉइडऐवजी घ्याव्या लागणाऱ्या संप्रेरकासोबत, घेतली तर थायरॉक्सिनचे शोषण घटते, म्हणून दोहोंत सुमारे चार तासांचे अंतर ठेवावे लागते. उलट ज्यांना तीव्र उणीव होणार असते, त्यांना या सरसकट मात्रा पुरत नाहीत.

योग्य आधार पीटीएचचाच आहे. या संप्रेरकाचे रक्तातील अर्धायुष्य, म्हणजे त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, अवघ्या काही मिनिटांचा असतो. त्यामुळे ग्रंथींना झालेली इजा त्याच्या आकड्यात शस्त्रक्रियेनंतर अर्ध्या तासाच्या आतबाहेर उमटते, तेव्हा कॅल्शियम अजून हललेलेही नसते. हे मूल्य मिलिलिटरमागे 15 पिकोग्रॅम किंवा त्याहून अधिक असेल तर तीव्र उणिवेची शक्यता कमी मानली जाते. ते त्याहून बरेच खाली असेल तर कॅल्शियमसोबत कॅल्सिट्रायॉल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप, लगेच सुरू करणे शहाणपणाचे ठरते.

हा आकडाही अंतिम प्रमाणपत्र नव्हे. प्रयोगशाळेगणिक मापनपद्धती बदलते. ग्रेव्हज रोगात थायरॉइडच्या अतिस्रावाने झिजलेली हाडे शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियम शोषू लागतात आणि संप्रेरक पुरेसे असूनही रक्तातील पातळी घसरते. ड जीवनसत्त्वाची उणीव, जी भारतात सर्रास आढळते, तोच धोका वाढवते. मॅग्नेशियम कमी असेल तर संप्रेरकाचा स्राव आणि परिणाम दोन्ही खुंटतात. कर्करोगासाठी मानेच्या मध्यभागातील लसिका ग्रंथीही काढल्या असतील तर इजेची शक्यता आणखी वाढते.

यास्तव शस्त्रक्रियेपूर्वी ड जीवनसत्त्व तपासून उणीव भरून काढावी, शस्त्रक्रियेनंतर लवकर पीटीएच मोजावे, धोक्याच्या रुग्णांत कॅल्शियमचा चढउतार पाहत राहावा आणि लक्षणे कोणती व ती दिसताच काय करावे हे रुग्णाला व त्याच्या घरच्यांना सुबोध भाषेत लिहून द्यावे. केवळ पहिल्या सकाळच्या कॅल्शियमवर विसंबून कोणत्याही रुग्णाला घरी पाठवू नये.